धुण्याचे बिल अजून आलेले नाही

खडू एक सेंटचा. दाराची कडी दहा सेंटची. हजार जुन्या विटांचे चार डॉलर, काचांसकट दोन वापरलेल्या खिडक्यांचे २ डॉलर ४३ सेंट. चुन्याला २ डॉलर ४० सेंट पडले. ते जास्त झाले, अशी कुरकुरही हिशेबातच नोंदवलेली आहे. फळ्यांना ८ डॉलर साडेतीन सेंट लागले. त्यातल्या बहुतेक फळ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या, रेल्वेवर राबणाऱ्या आयरिश मजुराच्या झोपडीच्या. ती झोपडीच सव्वाचार डॉलरला घेऊन मोडली होती. खिळ्यांनी मात्र जवळजवळ चार डॉलर खाल्ले. सगळी बेरीज २८ डॉलर साडेबारा सेंट. एवढ्या पैशांत १८४५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, काँकॉर्ड गावाबाहेरच्या वॉल्डन तळ्याकाठी, दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असे एक घर उभे राहिले.

हेन्री डेव्हिड थोरोच्या ‘वॉल्डन’चे नाव निघाले की लोकांना तळे आठवते, झाडी आठवते, पहाटेचा एकांत आठवतो. ही बेरीज कुणी वाचून दाखवत नाही. खरे तर पुस्तकातले पहिले आणि सगळ्यात लांब प्रकरण अर्थव्यवहाराचेच आहे, आणि त्यात अर्ध्या-पाव सेंटापर्यंतचे आकडे आहेत. साध्या राहणीवर आज जे काही बोलले-लिहिले जाते, त्याला मंद संगीताची साथ असते. थोरो मात्र दिवाळीच्या पाडव्याला नवी चोपडी उघडून बसलेल्या वाण्यासारखा पै-पैचा हिशेब मांडतो. अभिजात साहित्यातली साधी राहणी आज उपयोगी पडेल ती या हिशेबामुळे. आणि तो हिशेब जिथे अपुरा राहिला, त्या रिकाम्या रकान्यांमुळेही.

मराठीला हे पुस्तक परके नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने त्याचा अनुवाद केला. त्या निवडीला पुढे वेगळाच अर्थ आला. कर भरायला नकार दिल्याबद्दल थोरोने १८४६ च्या जुलैमध्ये एक रात्र काँकॉर्डच्या तुरुंगात काढली होती. गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर चाल करून जाणाऱ्या सरकारला आपला पैसा का द्यायचा, हा त्याचा प्रश्न होता. त्यातूनच कायदेभंगावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध आला. दुर्गाबाई १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या, पुढे त्यांना अटकही झाली. त्यानंतर सरकारी सन्मान त्यांनी घेतले नाहीत. याच दुर्गाबाईंनी स्वयंपाकावर ‘खमंग’ नावाचे पुस्तक लिहिले, हेही विसरून चालणार नाही. साधे राहायचे म्हणजे अळणी जेवायचे, अशी आपल्याकडची एक समजूत आहे; ती दुर्गाबाईंना बहुधा मान्य झाली नसती.

थोरो हा कुणी जगाला विटलेला बैरागी नव्हता. हार्वर्डचा पदवीधर, वडिलांच्या पेन्सिलच्या धंद्यात हात घालून पेन्सिल सुधारणारा, जमीन मोजणारा माणूस. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात, ४ जुलै १८४५ रोजी, तो तळ्याकाठच्या घरात राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला बाहेर पडला. जायचे कारणही होते. त्याचा भाऊ जॉन तीन वर्षांपूर्वी धनुर्वाताने गेला होता आणि त्याच्यासोबत केलेल्या नदीप्रवासाचे पुस्तक लिहायला निवांतपणा हवा होता. ते पुस्तक १८४९ मध्ये निघाले आणि साफ पडले. हजार प्रतींपैकी सातशेवर प्रती प्रकाशकाने चार वर्षांनी घरी परत पाठवल्या. तेव्हा आपल्या संग्रहात जवळजवळ नऊशे ग्रंथ असून त्यांतले सातशेहून अधिक आपणच लिहिले आहेत, अशी नोंद या गृहस्थाने रोजनिशीत केली. ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आले. दोन हजार प्रती खपायला पाचेक वर्षे लागली.

या पुस्तकात एक छोटे गणित आहे. पुढच्या दीडशे वर्षांच्या काटकसरीच्या उपदेशापेक्षा ते भारी आहे. काँकॉर्डहून फिचबर्ग तीस मैल. आगगाडीचे तिकीट नव्वद सेंट. त्याच रेल्वेमार्गावर खपणाऱ्या मजुराला कधीकाळी दिवसाला साठ सेंट मिळत. थोरो म्हणतो, मी आत्ता चालायला लागलो तर रात्रीपर्यंत पोचेन; तुम्ही आधी तिकिटाचे पैसे मिळवायला कामावर जाणार, मग गाडीत बसणार. पहिला कोण पोचला? वस्तूची किंमत तो पैशांत सांगून थांबत नाही. ती मिळवायला आयुष्याचा केवढा तुकडा द्यावा लागला, ते मोजतो.

हे गणित आज मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, बदलापूरहून मुंबईच्या फोर्टात नोकरीला येणाऱ्या एका माणसाच्या हातात महिन्याला ५० हजार रुपये पडतात. कामाचे दिवस पंचवीस. कचेरीत नऊ तास आणि येण्याजाण्यात तीन. म्हणजे नोकरीपायी महिन्याचे तीनशे तास गेले आणि तासाला सुमारे १६७ रुपये सुटले. पगारपत्रकात प्रवासाचे तास दिसत नाहीत, म्हणून आपला दर आपल्याला नेहमी चढाच वाटतो. आता या माणसाने ७५ हजारांचा फोन घेतला, तर त्याची किंमत साडेचारशे तास. बारा-बारा तासांचे साडेसदतीस दिवस, म्हणजे दीड महिन्याची सगळी धावपळ, लोकलच्या दारातले लोंबकळणे आणि साहेबाची बोलणी धरून. आणि या दीड महिन्यात घरचे भाडे, किराणा, मुलांची फी यांना एक रुपयाही मिळालेला नाही. हप्त्यांची सोय हे तास चोवीस महिन्यांत इतके पातळ पसरवते की ते डोळ्यांना दिसेनासे होतात. ‘बिनव्याजी’ या शब्दाची जादू एवढीच, की व्याज नाही म्हटले की मुद्दलही नसल्यासारखे वाटते.

फोन घेऊ नये, असे यात कुठेच म्हटलेले नाही. ज्याचा धंदाच फोनवर चालतो त्याला ते साडेचारशे तास परत मिळतील. थोरोही वस्तूंचा वैरी नव्हता. त्याच्या घरात खुर्च्या होत्या, आरसा होता, दिवा होता. टेबलावर ठेवलेले चुनखडीचे तीन तुकडे रोज झाडावे लागतात हे लक्षात आल्यावर मात्र त्याने ते खिडकीतून फेकून दिले. वस्तू घरात आली की तिचा पगार सुरू होतो: झाडणे, पुसणे, दुरुस्ती, जागा, काळजी. त्याच्या हिशेबाने वर्षाला सहाएक आठवडे मजुरी केली की त्याच्या गरजा भागत. उरलेल्या वेळात वाचणे, लिहिणे, भटकणे. या सहा आठवड्यांवर आजही वाचक एकदम जागा होतो.

पण त्याच्या पहिल्या वर्षाचा ताळेबंद नीट वाचला तर तो तोट्यातला निघतो. खर्च ६१ डॉलर ९९ सेंट आणि वर पाऊण सेंट. मिळकत ३६ डॉलर ७८ सेंट. अडीच एकरांत प्रामुख्याने घेवडा लावून खर्च वजा जाता ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट सुटले. आठ महिन्यांच्या जेवणालाही जवळपास तेवढेच लागले. घर पदरात पडले, तेव्हा तोटा म्हणायला जीव होत नाही. हे सगळे तो स्वतःच सांगतो, लपवत नाही.

याच हिशेबात तो ओघाओघात आणखी एक गोष्ट सांगून जातो. खर्चात कपडे धुण्याचा आणि शिवण-टाक्याचा आकडा धरलेला नाही, कारण ते काम बहुतेक बाहेरच होत होते आणि त्याचे बिल अजून आले नव्हते.

ते बिल कधीच आले नाही. तळ्यापासून गाव दीडेक मैलावर. तिथे आई होती, बहिणी होत्या, भरल्या पंक्तीचे जेवण होते आणि थोरो तिकडे नेहमी जाई. घराखालची जमीन त्याचा वडीलधारा मित्र राल्फ वाल्डो इमर्सन याच्या मालकीची. झाडे तोडायला कुऱ्हाड उसनी. तुरुंगात गेला तर कुणीतरी, बहुधा घरच्याच माणसाने, गुपचूप कर भरून त्याला सोडवले. टीकाकार या गोष्टींवरून त्याला ढोंगी ठरवतात. अमेरिकेत हा वाद अजून अधूनमधून पेटतो. ढोंगी हा शब्द जरा जास्त होतो. ढोंगी माणूस न आलेल्या बिलाचा उल्लेख कशाला करेल? खरी अडचण पुस्तकात दुसरीकडे आहे. पावसात आडोशाला थोरो जॉन फील्ड नावाच्या आयरिश मजुराच्या गळक्या खोपटात शिरतो. घरात बायको, तान्हे मूल, आणखी पोरे. आणि हा हार्वर्डचा पदवीधर त्या माणसाला समजावतो, की चहा, कॉफी, दूध, लोणी, मांस सोडून दे, म्हणजे एवढे राबावे लागणार नाही. पुस्तकातली ही पाने वाचताना त्याच्यावर प्रेम करणाऱ्यालाही ओशाळे व्हायला होते. ज्याच्यावर पोराबाळांचा भार नाही, त्याने पोरेबाळे असलेल्याला दूध बंद करायला सांगायचे.

मुंबईच्या वाचकाला तर हे लगेच कळेल. थोरोचे घर दीडशे चौरस फुटांचे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. थोरोपेक्षा दहा चौरस फूट जास्त आणि त्यात दोन-तीन पिढ्या. कुटुंब मोठे असेल तर कुणीतरी रोज व्हरांड्यात पथारी टाकायची. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळावे म्हणून या चाळकऱ्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. कमी जागेत राहण्याचे तत्त्वज्ञान त्यांना ऐकवायची कुणाची छाती आहे? तीच गोष्ट गावाकडची. केंद्राच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतातला माणशी मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये निघाला, शहरी ६,४५९. ही सरासरी, म्हणजे कितीतरी माणसे त्याच्याही खाली. साधेपणा निवडता येतो तेव्हाच तो साधेपणा. निवडीला वाव नसला की ती चणचण असते आणि तिला गोंडस नाव देणे हा निव्वळ आगाऊपणा.

थोरोच्या सहाशे वर्षे आधी जपानमध्ये कामो नो चोमेई नावाच्या कवीने दहा फूट चौरस झोपडीवर एक छोटे पुस्तक लिहिले. ‘होजोकी’ त्याचे नाव, साल १२१२. तो झोपडीत का गेला, हे सांगण्याआधी तो क्योटोने भोगलेली संकटे एकापाठोपाठ एक सांगत जातो: ११७७ ची आग, वावटळ, राजधानी हलवण्याचा सरकारी खेळ, दुष्काळ, ११८५ चा भूकंप. दुष्काळात एका भिक्षूने रस्त्यांवरची प्रेते मोजली, तर दोन महिन्यांत ४२,३०० हून अधिक भरली. अशा शहरात टोलेजंग वाडा बांधण्याचे वेड चोमेईला समजत नाही. त्याची झोपडी सुटी करून दोन गाड्यांवर लादून नेता येईल अशी. खासे म्हणजे शेवट. झोपडीचे गुणगान करून झाल्यावर हा म्हातारा स्वतःलाच विचारतो, की बुद्धाने तर कशातच गुंतू नको म्हटले होते आणि मी तर या झोपडीच्याच प्रेमात पडलो, मग माझे काय सुटले? त्याला उत्तर देता येत नाही. नामस्मरण करून तो पुस्तक संपवतो. थोरोच्या मानाने चोमेई जास्त सच्चा वाटतो तो इथे. आपल्या साधेपणाचाही अहंकार होतो, हे त्याने ओळखले होते. कापडी पिशवी घेऊन मॉलमध्ये शिरताना चेहऱ्यावर जे तेज येते, ते त्याने आठशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले आहे.

धुण्याच्या बिलाची सगळ्यात मोठी थकबाकी मात्र रशियन लेखक टॉलस्टॉयच्या घरी आहे. माणसाला जमीन किती लागते, या प्रश्नावरची त्याची १८८६ ची कथा जगभर शाळांतून शिकवतात. दिवसभरात पायाने जेवढी वेढशील तेवढी जमीन तुझी, या अटीवर पाहोम नावाचा शेतकरी सूर्यास्तापर्यंत धावतो आणि निघालेल्या जागी परत पोचून मरून पडतो. शेवटी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत मावेल एवढीच पुरते. कथा अजोड आहे. पण ती लिहिणारा उमराव स्वतः जेव्हा मालमत्ता नको, मानधन नको म्हणू लागला, तेव्हा यास्नाया पोल्याना या इस्टेटीचा गाडा कोण ओढत होते? त्याची बायको सोफिया. तेरा बाळंतपणे, ‘युद्ध आणि शांती’च्या हस्तलिखिताच्या पुन्हा पुन्हा केलेल्या नकला, मुलांची शिक्षणे, पुस्तकांचे छापणे-विकणे. टॉलस्टॉयच्या एका कथेवरची बंदी उठवून घ्यायला तीच १८९१ मध्ये झारला जाऊन भेटली. त्याच वर्षी टॉलस्टॉयने १८८१ नंतरच्या लेखनावरचे हक्क सोडून दिले. घरात भांडण झाले नसते तरच नवल. १९१० मध्ये ब्याऐंशी वर्षांचा टॉलस्टॉय पहाटेच्या अंधारात घर सोडून निघाला आणि दहाएक दिवसांत अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनवर स्टेशनमास्तरच्या घरात वारला. सोफियाला, शुद्ध हरपेपर्यंत, आत जाऊ दिले नव्हते. तिच्या डायऱ्या आता छापून आल्या आहेत. टॉलस्टॉय वाचणाऱ्याने त्याही वाचाव्यात.

देहूची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती वेगळी का, हे पाहायला हवे. तुकोबांचे घर महाजनकीचे, दुकान आणि सावकारी असलेले. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ आला, त्यात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. परंपरा सांगते, की तुकोबांनी कर्जखतांची वाटणी केली, भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हवाली केला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. तिच्यातला हिशेब पाहावा. खतं बुडाली तेव्हा तुकोबांच्या वहीतले येणे पुसले गेले आणि त्याच क्षणी दुष्काळाने मोडलेल्या कुणाकुणाच्या डोक्यावरचे देणे उतरले. कपाट रिकामे करून पोती रद्दीवाल्याला देण्यात आणि यात हाच फरक. शिवाय धाकट्या भावावर त्यांनी आपला त्याग लादला नाही. तो त्याच्या वाट्यापुरता मोकळा होता. दुसरी बायको आवली हिच्यावर मात्र लादला गेलाच. तिची चिडचिड, दाण्यादाण्यासाठी तिची ओढाताण, विठ्ठलाला तिने घातलेल्या शिव्या हे सगळे गाथेत आहे, आणि ते तुकोबांनीच घातलेले आहे. बिल चुकते झाले नाही, पण ते आल्याची पोच तरी दिली गेली. कीर्तनकार या अभंगांवर श्रोत्यांना हसवतात. आवली कजाग म्हणून गाजली. उद्या भाकरी कशाची करायची, एवढेच ती विचारत होती.

हे बिल चुकते करण्याचा पद्धतशीर प्रयत्न गांधींनी केला. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना त्यांनी आगगाडीत रस्किनचे पुस्तक एका बैठकीत वाचून काढले आणि काही आठवड्यांत फिनिक्सची वसाहत सुरू झाली. पुढे १९१० मध्ये मित्र हरमन कॅलनबाखच्या अकराशे एकरांवर टॉलस्टॉय फार्म. थोरोही त्यांनी वाचला होता. वाचलेले असे तडकाफडकी अंगावर घेणारा माणूस घरच्यांना सुखाचा नसतो. त्याआधीच दरबानच्या घरात राहणाऱ्या कारकुनाचे लघवीचे भांडे कस्तुरबांनी रडत रडत उचलले होते. ते हसत का उचलले नाहीस, म्हणून गांधींनी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. ही हकिगत आत्मकथेत त्यांनी स्वतःच लिहिली आहे, स्वतःला सोडून न देता. आश्रमांमध्ये संडास साफ करण्याच्या पाळ्या लागल्या, त्यात वकील, डॉक्टर, जमीनदाराची पोरे सगळी आली. साध्या राहणीतले सगळ्यात घाणेरडे काम कोण करतो, हा रकाना पहिल्यांदा वहीत आला. थोरोने तो कोरा सोडला होता आणि आपल्या समाजाने तो हजारो वर्षे जातीच्या नावावर लिहून ठेवला होता.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात बापूकुटी आजही उभी आहे. माती, बांबू, कौले. पाहायला येणारे चटई, चरखा, कंदील बघतात, फोटो काढतात आणि हळू आवाजात बोलत बाहेर पडतात. तिथेच एक टेलिफोनही जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधींशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. काहींना तो खटकतो. खटकायचे कारण नाही. ज्या यंत्राने काम होते ते मातीच्या घरात बसते, एवढाच त्याचा अर्थ. विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आला होता, तो या कुटीत बसून राहिला आणि मग त्याने तिच्यावरच भाषण केले. घर म्हणजे सामान ठेवायची जागा होऊन बसली आहे, असा त्याचा रोख होता. त्याला आजचे फ्लॅट दाखवले असते तर?

बाजाराने आता या सगळ्याचे दुकान थाटले आहे. घर आवरायला शिकवणारी जपानची मारी कोंडो २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, जगाने कपाटे रिकामी केली आणि त्याच वर्षी तिने ऑनलाइन दुकान उघडले. त्यात ७५ डॉलरचा एक स्वरकाटा आणि स्फटिक होता. आपल्याकडे मुळशी-मावळात ‘निसर्गाच्या कुशीत साधे जीवन’ विकणाऱ्या पाट्या लागतात. तिथल्या बंगल्याला पोहण्याचा तलाव असतो आणि तिथे पोचायला दुसरी गाडी घ्यावी लागते. स्वयंपाक, झाडलोट, बाग सांभाळायला शेजारच्या वाडीतले जोडपे. शनिवार-रविवारच्या या साधेपणाचे धुणे कोण धुते, ते विचारायचे नाही. पांढऱ्या भिंती, एक कुंडी आणि काहीच नसलेले टेबल याला पैसा लागतो, कारण लागेल ती वस्तू लागेल तेव्हा मागवता येईल, अशी ज्याला खात्री आहे त्यालाच घर रिकामे ठेवता येते. बाकीच्यांच्या माळ्यावर जुने डबे, तुटकी छत्री, दोरीचे गुंडाळे असतात. कधीतरी उपयोगी पडेल, हे वाक्य ज्यांनी टंचाई पाहिली त्यांचे आहे. त्यांच्या पसाऱ्याला नाक मुरडणे सोपे.

मग थोरो आजच्या माणसाच्या काय कामाचा? त्याच्या वाचनावरच्या प्रकरणात एक हिशेब आहे आणि तो घराचा नाही, गावाचा आहे. काँकॉर्डने नगरभवनावर १७ हजार डॉलर खर्च केले, हे तो नोंदवतो. गावच्या व्याख्यानमालेसाठी हिवाळ्यात १२५ डॉलर वर्गणी जमते. गावाच्या दुसऱ्या कुठल्याही तेवढ्याच खर्चापेक्षा ती सत्कारणी लागते, असे त्याचे मत. गावांनीच विद्यापीठ व्हावे, पुस्तके, चित्रे, विद्वान यांवर गावाने मिळून खर्च करावा, हे त्याचे मागणे. एकट्याचा संन्यास सांगणारा म्हणून ज्याला आपण ओळखतो, तो इथे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलतो आहे.

साधी राहणी आज हवी असेल तर बोलायला इथूनच सुरुवात केली पाहिजे. बदलापूरच्या त्या माणसाचे रोजचे तीन तास त्याने चटईवर झोपून वाचणार नाहीत. कामाच्या जवळ परवडणारे घर आणि वेळेवर येणारी गाडी असेल तर वाचतील. चालायला फुटपाथ असेल तर दुचाकीचा हप्ता टळेल. गावातला दवाखाना उघडा असेल तर दागिना गहाण पडणार नाही. खाजगी घरे साधी राहावीत असे वाटत असेल, तर सार्वजनिक गोष्टी ऐसपैस लागतात. आपण नेमके उलटे करत आलो. घरोघरी पाणी शुद्ध करायचे यंत्र, घरोघरी इन्व्हर्टर, पोरागणिक शिकवणी, आणि बाहेर बसस्टॉपवर छप्पर नाही. पर्यावरणासाठी नागरिकांनी सवयी बदलाव्यात, असे सरकारे सांगतात. सांगावे. पण सवय बदलायला ज्या जागा लागतात, त्यांची तरतूद नागरिकाच्या हातात नसते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यावर उभी राहिलेली हजारो ग्रंथालये गावोगाव आहेत, आणि तुटपुंजे अनुदान, ग्रंथपालाचे नाममात्र वेतन ही त्यांची रड कुणालाही ठाऊक आहे. एका पुस्तकाची प्रत पन्नास घरांत फिरते, यापेक्षा काटकसरीची दुसरी व्यवस्था अजून कुणी काढलेली नाही. व्याख्यानमालांचेही तेच. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते; छोट्या गावांतल्या अशा किती मालांच्या चटया आता गुंडाळल्या गेल्या, ते त्या त्या गावाने पाहावे. श्रोते येत नाहीत, ही तक्रार खरी असेलही. पण रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाने सहाचे व्याख्यान ऐकायचे कसे?

काँकॉर्डच्या व्याख्यानमालेचा थोरो काही काळ चिटणीस आणि व्यवस्थापक होता. तळ्याकाठी राहायला गेल्यावर गावकरी त्याला खोदून खोदून विचारायचे: काय खातोस, एकटे वाटत नाही का, भीती नाही वाटत? १८४७ च्या फेब्रुवारीत, अजून तिथेच राहत असताना, तो याच व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या जगण्याची हकिगत त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितली. ‘वॉल्डन’ या पुस्तकाची सुरुवात त्या व्याख्यानापासून झाली.